भाव मोठ्याने सांगा

“बासष्ट लाख. फायनल. और मॅडम, पेमेंट पूरा पहले लगेगा.”

मॅनेजरने हे मला उभ्याउभ्या सांगितलं. लॉनच्या मधोमध, मावा जलेबीच्या टेबलाशेजारी, सगळ्यांच्या देखत. माझ्याआधी एक डॉक्टर जोडपं आलं होतं. त्यांना तो कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला होता. दार लावलं, पडदा ओढला, आत चहा गेला. त्यांच्याआधी एका पॉवरलूमवाल्यांनाही तसंच नेलं होतं. माझी पाळी आली तेव्हा केबिन रिकामी होती. आतल्या रिकाम्या खुर्च्या मला दिसत होत्या. तरी माझा भाव त्याने बाहेरच फेकला.

इंदूरच्या एका शोरूमने बुऱ्हाणपुरात दोन दिवसांचं प्रदर्शन लावलं होतं, इच्छापूर रस्त्यावरच्या लग्नाच्या लॉनमध्ये. जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात त्या स्टेजवर गाडी उभी केलेली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. मला निमंत्रण मोबाईलवर आलं होतं, नावानिशी. मी चोरून घुसले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्यासारख्यांना आधी हेच सांगावं लागतं.

सुरुवातीला मॅनेजर लोण्यासारखा मऊ होता. “आइए मॅडम, बैठिए मॅडम.” स्वतः दार उघडून त्याने मला गाडीत बसवलं. सीट इतकी खाली होती की साडी सावरताना मला हसू आलं. तोही हसला. चांगलं हसला. मग शेठ आले.

शेठ म्हणजे आमच्या भागातले जुने केळीचे आडते. आता म्हातारे झालेत, पण आवाज अजून खणखणीत. माझे वडील त्यांचे गाडीवान होते. शेतातून केळीचे घड बैलगाडीत भरायचे आणि स्टेशनवर नेऊन उतरवायचे. आयुष्यभर तेच केलं. शेठसोबत त्यांचा मुलगा होता. त्यालाही हीच गाडी घ्यायची होती.

मी गाडीतून उतरत होते तेवढ्यात शेठ मॅनेजरला म्हणाले, “ओळखलं का हिले? आमच्या गाडीवानाची पोरगी. बापानं बैलं हाकलले, आता पोरगी हे हाकलनार!” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, “पन पोरी, ह्याच्यात घड कुठं ठेवशील व?”

लोक हसले. मोठ्याने नाही. सभ्य लोक हसतात तसं, ओठ दाबून. मॅनेजर शेवटी हसला. हसण्याआधी त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नव्याने पाहून घेतलं. माणसाचा भाव कसा बदलतो ते मी त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानंतर त्याने मला बैठिए म्हटलं नाही. केबिनकडे हातही केला नाही. “साहब नहीं आए?” विचारलं. मी नाही म्हणाले. आणि मग ते वाक्य. बासष्ट लाख. फायनल. पेमेंट पूरा पहले.

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीत मी काय करावं? मी पर्स उघडली. कार्ड काढलं. “ठीक आहे,” म्हणाले. “बुकिंग घ्या.”

दोन लाख रुपये मी तिथल्या तिथे भरले. बासष्टमध्ये काय काय आलं, विचारलं नाही. कंपनीची किंमत किती, कर किती, विमा किती, काही नाही. एक प्रश्न नाही. शेठ म्हणाले, “वा! पाहा, विचारलंही नाही.” मला वाटलं, मी त्यांच्या तोंडावर मारलं. छाती पुढे काढून मी लॉनच्या फाटकाबाहेर आले.

आता कुणी विचारेल, बाई, तुला स्पोर्ट्स कार हवीच कशाला? बहादरपूरला माझे केळी पिकवायचे चेंबर आहेत, चार ट्रक आहेत, घरी एक साधी गाडी आहे, माझे मिस्टर धूलकोटला मास्तर आहेत, सगळं नीट चाललंय. मग कशाला? मी सांगते. मला हवी म्हणून. लहानपणी बैलगाडीत घडांवर बसून मी या रस्त्याने जायचे, आणि मागून शेठची जीप आली की वडील गाडी रस्त्याखाली उतरवायचे. चाक चिखलात रुतायचं. जीप निघून गेली की बैल ओढून ओढून थकायचे. मला तेव्हापासून वेगाची भूक आहे. पण हे कारणही मी का द्यावं? शेठच्या मुलाला कुणी कारण विचारत नाही. त्याला आवडली, बस. मलाही आवडली, बस.

संध्याकाळी घरी आले. माय भाकरी थापत होती. तिला कुणी करायला सांगत नाही, स्वयंपाकाला बाई आहे, पण ती ऐकत नाही. म्हणते, हात रिकामे राहिले की अंग दुखतं. मी तिला सगळं सांगितलं. शेठ काय बोलले, लोक कसे हसले, आणि मी कसं कार्ड काढून त्यांची तोंडं बंद केली.

मायने विचारलं, “कितीले ठरली?”

“बासष्टला.”

“भाव केला का?”

मी म्हटलं, “माय, आपण आता भाव करणारे राहिलो नाही.”

तिचा हात परातीत थांबला. ही तीच बाई, जी बांगडीवाल्याशी चार रुपयांसाठी अर्धा तास भांडते, कोथिंबिरीची जुडी फुकट घेतल्याशिवाय भाजीवाल्याला सोडत नाही. आणि हीच बाई शेठच्या दुकानात गेली की पदर डोक्यावर घेऊन, सांगतील ते पैसे ठेवून, मूग गिळून परत यायची. मला या दोन बायांची संगती कधी लागली नव्हती. त्या संध्याकाळी लागली.

त्याआधी गुरांच्या बाजाराचं सांगितलं पाहिजे.

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. आजही कित्येक ठिकाणी असंच आहे. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल नाहीतर गमछा टाकतात, आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट दाबलं तर इतके, दोन दाबली तर तितके. तोंडाने फक्त “हां” किंवा “नाही, दादा.” बाहेर उभ्या माणसाला काही कळत नाही. त्यामुळे कुणी मध्ये तोंड घालत नाही, कुणी भाव चढवत नाही, कुणाची लाज जात नाही. फार जुनी पद्धत. फार सोयीची. फक्त त्यासाठी एकमेकांच्या हातात हात द्यावा लागतो.

मी चौथीत होते. वडिलांचा एक बैल मेला होता, त्यांना जोडी घ्यायची होती. मी हट्ट करून सोबत गेले. बाजारात शिरायच्या आधी वडील हातपंपावर गेले आणि त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत. दगडावर घासून घासून धुतले. मला वाटलं, जेवायचंय. मी म्हटलं, “बाबा, भाकरी सोडू?” ते म्हणाले, “नाही, सौदा करायचाय.”

एक पांढरी जोडी त्यांना आवडली. दलाल आमच्याआधीच्या माणसाशी बोलत होता, हातात हात, वर गमछा. तो सौदा मोडला. वडील पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला. धुतलेला, अजून ओलसर हात. दलालाने त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं. गमछा झटकून परत खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “तू तोंडानंच सांग रे.”

वडिलांचा हात तसाच पुढे होता. मग त्यांनी तो आपल्याच सदऱ्याला पुसला, जणू त्याचसाठी काढला होता. आणि त्यांनी आकडा तोंडाने सांगितला.

मग जे व्हायचं ते झालं. सगळ्यांनी ऐकलं. एक जण म्हणाला, एवढ्याला तर मीच घेतो. दुसऱ्याने नुसती मजा म्हणून वर चढवलं. दलाल हसत होता. प्रत्येक आकड्याला माणसं वडिलांच्या तोंडाकडे पाहायची, याच्या गाठीला किती असतील, असं. शेवटी दलालाने एक भाव सांगितला आणि वडील “ठीक आहे” म्हणाले. लगेच. बैलाचे दातही पाहिले नाहीत. बैलाचं वय दातावरून कळतं, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. पण त्या घोळक्यात वाकून बैलाचं तोंड उघडायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती. जोडीतला एक बैल म्हातारा निघाला. पहिल्याच उन्हाळ्यात बसला तो उठला नाही.

परत येताना ते मला म्हणाले, “आपन घासाघीस नाही केली. आपला मान राखला.”

मी ते खरं मानलं. लहान पोर बापाचं खरं मानणारच. मी ते इतकं खरं मानलं की त्यावर माझं अख्खं आयुष्य उभं केलं. पहिल्या पगाराची साडी घेतली, सांगितला तो भाव दिला. सोनं घेतलं, घडणावळ किती लावली ते विचारलं नाही. पहिला ट्रक, चेंबरची मशिनरी, घराच्या फरश्या, सगळं पहिल्या भावात. दुकानदार चकित व्हायचे. मला वाटायचं, हे माझ्याकडे आदराने बघतायत. मूर्ख! ते गिऱ्हाईक कसं कापलं, हे बघत होते. शेठाणी भाव करते तेव्हा लोक म्हणतात, बाई हुशार आहे, संसार जाणते. मी केला असता तर म्हणाले असते, गेली का जातीवर. म्हणून मी तोंड उघडायचंच नाही, असं ठरवलं होतं. माझ्यासारख्या किती जणी, किती जण असे आहेत, मला माहीत आहे. आमच्या नात्यात कुणी अधिकारी झालं, कुणी डॉक्टर झालं, सगळे दुकानात जाऊन मुकाट्याने पैसे मोजतात आणि बाहेर येऊन ताठ चालतात. दुकानदारांनी आमच्या या ताठपणाचा कधीच भाव काढून ठेवलाय.

तर माय परातीवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, “तुया बापानं भाव नाही केला, असं नाही माय. त्याले करूच देला नाही.”

मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “अन् तुले? तुले कोनी अडवलं व्हतं?”

मला रडू आलं, पण ते रडू नव्हतं, राग होता. दलालावर होता, शेठवर होता, त्या ओठ दाबून हसणाऱ्यांवर होता. सगळ्यात जास्त राग त्या गोष्टीचा आला की आमच्याच तोंडून त्यांनी मान हा शब्द वदवून घेतला होता. लुटायचं त्यांनी, आणि लुटून घेण्याला मान म्हणायचं आम्ही.

सकाळी मी दुसऱ्या शहरातल्या शोरूमला फोन लावला. तीच गाडी, तेच मॉडेल. तिथल्या मुलीने एकेक रक्कम सुटी सुटी सांगितली. कंपनीची किंमत इतकी, ती देशभर एकच. रोड टॅक्स इतका. नोंदणी इतकी. विमा इतका, आणि तो तुम्ही बाहेरूनही घेऊ शकता. सगळं मिळून साडेसत्तावन्न. मी विचारलं, “आणखी काही लागत नाही?” ती म्हणाली, “मॅट, कव्हर हवं असेल तर. तुमची मर्जी.”

म्हणजे साडेचार लाख माझ्या तोंडाकडे पाहून लावले होते.

दुपारी मी पुन्हा लॉनवर गेले. मायला घेऊन जाणार होते, ती म्हणाली, “मी येनार नाही. तू जाय.” बरं झालं नाही आली. तिच्यासमोर माझा आवाज फुटला नसता.

मॅनेजरने मला पाहून हात जोडले. आता मी बुकिंग केलेली गिऱ्हाईक होते. मी म्हटलं, “बासष्ट लाखात काय काय आहे, एकेक सांगा.”

त्याने सांगितलं. कंपनीची किंमत, टॅक्स, नोंदणी बरोबर होतं. विमा फुगवलेला होता. त्यावर हँडलिंग चार्ज. त्यावर प्रीमियम केअर पॅकेज. त्यावर जल्दी डिलिव्हरी.

“हँडलिंग म्हणजे काय?”

“मॅडम, गाडी को हँडल करने का.”

“आणि केअर पॅकेज?”

“वो कंपलसरी है.”

“कुणी केलं कंपलसरी?”

तो एकदम बदलला. आवाज चढवला, लोक ऐकतील असा. “मॅडम, कल तो आपने हाँ बोल दिया था. अब मोलभाव? ये सब्जी मंडी नहीं है.”

हेच. हेच वाक्य मी आयुष्यभर टाळत आले होते. या एका वाक्याच्या भीतीने मी कित्येक वर्षं जास्तीचे पैसे मोजले. ते शेवटी माझ्या कानावर पडलं आणि मला काही झालं नाही. जमीन फाटली नाही. मी जिथे उभी होते तिथेच उभी होते.

मी म्हटलं, “मंडीची गोष्ट करू नका. मी मंडीतच वाढले. केळीच्या लिलावात भाव मोठ्याने बोलतात, सगळ्यांसमोर. तुम्ही तर पडद्याआड बोलता. काल किती जणांना आत नेलं? त्यांना कितीला दिली? इथे मोठ्याने सांगा.”

“वो हम नहीं बता सकते. हर कस्टमर का अलग होता है.”

केबिनचं दार उघडलं. शेठ आणि त्यांचा मुलगा आतच बसले होते, त्यांचा सौदा चालला होता. शेठ बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मला समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं पोरी, भाव मानूस पाहून असतो. दुनियेची रीत आहे.”

मी म्हटलं, “मग माणूस पाहूनच सांगायला सांगा त्याला. मी इथंच उभी आहे. नीट पाहा म्हणावं.”

शेठचं तोंड उतरलं. चाळीस वर्षांत आमच्या घरातलं कुणी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. त्यांचा मुलगा पुढे आला, “काकी, कायले तमाशा करून राह्यल्या?” मला त्याचा राग आला नाही. त्याला खरंच तमाशा वाटत होता. ज्याला आयुष्यात कधी बाहेर उभं राहावं लागलं नाही, त्याला दुसऱ्याचं बोलणं तमाशाच वाटतं.

कालची डॉक्टरीणबाई तिथे आली होती, गाडी तिच्या सासऱ्यांना दाखवायला. ती नवऱ्याला हळूच विचारत होती, “हे हँडलिंग आपल्यालापण लावलंय का हो?” नवऱ्याने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. पण तिने पर्समधून चष्मा काढला आणि मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागली. मॅनेजरने ते पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

तो माझ्याजवळ आला. अगदी जवळ. आवाज एकदम खाली, कालच्या लोण्यापेक्षा मऊ. “मॅडम, आप नाराज मत होइए. अंदर आइए ना. आपको भी सत्तावन में करा देता हूँ, जो छोटे शेठ को दिया है. बस, बाहर किसी को बताना मत.” आणि त्याने केबिनकडे हात केला. दार उघडं धरलं. आतून थंड हवा आली.

खोटं बोलणार नाही. माझा पाय उचलला गेला होता. सत्तावन्न. दुसऱ्या शोरूमपेक्षाही कमी. योग्य भाव, उलट योग्यापेक्षा चांगला. शेठच्या मुलाच्या बरोबरीचा. आत खुर्ची होती, चहा होता, पडदा होता. जी जागा माझ्या बापाला कधी मिळाली नाही ती मला कुणीतरी स्वतःहून देत होतं. दोन पावलं टाकायची होती. आत गेले असते तर गाडी माझी होती, शेठ बघत राहिले असते, मायला सांगता आलं असतं की भाव केला.

आणि उद्या आमच्यातलाच दुसरा कुणी तिथे आला असता तर त्याला पुन्हा बासष्ट. बाहेर. उभ्यानेच. तो मला विचारायला आला असता, ताई, तुम्हाला कितीला पडली? आणि मी म्हटलं असतं, सांगता येत नाही. मी शब्द दिला असता ना! पडद्याआडचा भाव घेतला की पडदा धरून ठेवावा लागतो. आजवर त्यांनी धरला, मग मीही एक टोक धरलं असतं.

मी पाऊल मागे घेतलं.

“इथंच सांगा,” मी म्हटलं.

“मॅडम, प्लीज. अंदर.”

“सत्तावन्न द्यायची तयारी आहे ना तुमची? मग बाहेर सांगा. जसा काल बासष्ट सांगितला होता, तसाच. तेवढ्याच आवाजात.”

तो उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. शेठकडे पाहिलं. पाच लाख सोडायला तो तयार होता, पण ते मोठ्याने म्हणायला तयार नव्हता. तेव्हा मला नीट कळलं की प्रश्न पैशांचा त्यालाही नव्हता. भाव गुपचूप कमी केला असता तर उपकार झाला असता. मोठ्याने सांगितला असता तर तो माझा हक्क झाला असता. उपकार ते कितीही करतील.

मी म्हटलं, “बुकिंग रद्द. माझे पैसे परत करा.”

“बुकिंग नॉन-रिफंडेबल है,” आता आवाज पुन्हा चढला होता.

“लिहून द्या.”

तो लिहून देईना. मी तिथेच स्टेजच्या पायरीवर बसले, गाडीच्या पुढच्या चाकाजवळ. कुणी मला उठवलं नाही. लोक गाडीचे फोटो काढायला येत होते, आणि मी फोटोत येत होते. म्हणून शेवटी इंदूरला फोन झाला, आणि रद्द केल्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर आला. पैसे काही दिवसांत जमा होतील, असं त्यात होतं.

शेठच्या मुलाने गाडी घेतली. आता ती रोज आमच्या रस्त्याने जाते. आवाज ओळखू येतो. शेठ परवा माझ्या चुलत्याला भेटले, म्हणाले, “पोरीनं हातची गाडी घालवली. डोकं गरम आहे तिचं.” चुलता मला समजवायला आला. म्हणाला, “सत्तावन्नला भेटत व्हती ना? घ्यायची व्हती गुपचूप.” मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, काका, गुपचूप काही घेणार नाही. तो मान हलवत गेला. आमच्यातलेही कितीतरी जण असंच म्हणतात. म्हणोत.

पैसे अजून आलेले नाहीत. रोज सकाळी चेंबरवर पोचले की मी शोरूमला फोन करते. “प्रोसेस में है मॅडम.” मी म्हणते, “ठीक आहे, उद्या पुन्हा करते.” फोन उचलणारी मुलगी आता माझा आवाज ओळखते. नाहीच आले तर ग्राहक मंचात जाईन. तिथला वकील म्हणाला, “ताई, तुमच्यासारख्या बाईला दोन लाख म्हणजे काय?” मी म्हटलं, “माझे आहेत.”

आणि गाडी मी घेणार आहे. तीच, लाल. ज्या शोरूममध्ये भाव बाहेर सांगतील तिथे घेईन. कुणी बैठिए म्हटलं तर बसेन, नाही म्हटलं तर उभी राहून विचारेन. प्रत्येक रक्कम सुटी करून विचारेन. हे काय, ते कशाचे, हे कुणी लावलं. माझ्यामागे रांग लागली तरी विचारेन. कुणी म्हटलं की एवढी ऐपत आहे तर घासाघीस कशाला, तर त्याला सांगेन की ऐपत माझी आहे, ती तुला दाखवायला मी कमावलेली नाही. कुणी आत बोलावलं तर जाणार नाही. एक रुपया जास्त देणार नाही. एक शब्द कमी बोलणार नाही.